वाचकांचे प्रश्न : तार बदलली की पिक अडकतो

मागच्या अंकात गिटार वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताबद्दल चार ओळी लिहिल्या अन तेव्हापासून पत्रं आणि मेसेज थांबायलाच तयार नाहीत, आणि जवळपास सगळ्यांचं म्हणणं एकच, स्पीड येईना. म्हणून ह्या वेळी कॉर्डचे, गाण्यांचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि फक्त पिकिंगचे, म्हंजे पिकनं (तारा छेडायच्या त्या छोट्या चपट्या नखीनं) वाजवण्याचे घेतलेत. कुणाचं नाव छापत नाही, गाव तेवढं दिलंय.

प्रश्न : दादा, मी दीड वर्षापासून इलेक्ट्रिक गिटार वाजवायलोय. एका तारेवर डाऊन-अप (पिक खाली, पिक वर) एकदम मस्त येतंय, १४० बीपीएमला (मिनिटाला १४० ठोके) एका बीटमधी चार सूर आरामात, पण स्केल, म्हंजे ओळीनं सरगम, वाजवायला घेतलं की ९० च्या पुढं गाडी सरकतच नाही, पिक तारेत अडकतो, मधलेच सूर गायब होतात. रोज तासभर मेट्रोनोम, ते टक टक ठोके देणारं यंत्र, लावून बसायलोय, पाच-पाच बीपीएम वाढवून बघायलोय, तीन महिने झाले आकडा तिथंच हाय. माझा हातच स्लो हाय का? (डिप्लोमाचा विद्यार्थी, उदगीर)

उत्तर : नाही मित्रा, तुझा हात स्लो नाही, आणि ते तूच लिहून पाठवलंयस. १४० ला चार सूर म्हणजे सेकंदाला नवाच्या वर सूर झाले. स्केलमधी तू ९० ला अडकतोस म्हणजे सेकंदाला सहा. आता हात तोच, पिक तोच, गिटार तीच, मग मधले तीन सूर गेले कुठं? ते गेले एका तारेवरून दुसऱ्या तारेवर जाताना. तुझा प्रश्न स्पीडचा नाहीच, तार बदलण्याचा आहे, आणि मला वाटतं दहातल्या आठ जणांचा हाच असतो पण सगळे जण आपला हात मंद आहे असं धरून बसतात आणि त्याच्यावरच मेहनत घेत राहतात.

एक काम कर, मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर टाक आणि पिकच्या टोकाजवळ धरून शूट कर. बहुतेक असं दिसेल की पिकचं टोक तारांच्या सपाटीला अगदी समांतर चाललंय, म्हंजे डाऊन मारल्यावरही टोक दोन तारांच्या मधी आणि अप मारल्यावरही दोन तारांच्या मधीच. दोन्हीकडून कुंपण. एकाच तारेवर असशील तोवर त्यानं काही बिघडत नाही, म्हणून तर १४० जमतंय, पण शेजारच्या तारेवर जायचं म्हणलं की त्या कुंपणातनं पिक उचलून बाहेर काढावा लागतो, एक छोटीशी उडी मारावी लागते. ६० च्या स्पीडला त्या उडीला भरपूर वेळ असतो, ती कळतसुद्धा नाही. आणि इथंच तुझ्या मेट्रोनोमचा घोळ झालाय बघ, तू तीन महिने हळू हळू करत ती उडीच पक्की केलीस, अन ९० ला तिच्यापुरता वेळ संपला.

आता उपाय. पिकला किंचित कलव. बोटात धरलेली बाजू थोडी जमिनीकडं झुकली पाहिजे आणि टोक थोडं वर छताकडं, लई नाही, बघणाऱ्याला जेमतेम कळेल एवढंच. मनगट फिरवायचं नाही, कोपरापासून पुढचा हात नखभर वळला की ते आपोआप होतं आणि करंगळीकडची तळहाताची कड ब्रिजजवळ, तारा जिच्यावर टेकतात त्या खालच्या पट्टीजवळ, टेकते. असं केल्यावर डाऊन स्ट्रोक तिरका आत, गिटारच्या लाकडाकडं जातो, आणि अप स्ट्रोक तिरका बाहेर हवेत निघतो. हवेत निघाला म्हणजे मोकळा झाला, मग शेजारच्या तारेवर जा नाहीतर दोन तारा सोडून जा, कुठलंच कुंपण नाही. मग नियम एवढाच राहतो की तार सोडायची ती अप स्ट्रोकनंतर. डाऊनपासून सुरुवात केलीस तर प्रत्येक तारेवर सम आकडा पाहिजे, दोन, चार, सहा.

पाचव्या फ्रेटवरची (फ्रेट म्हंजे गिटारच्या दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) ए मायनर पेंटॅटॉनिक, पाच सुरांची स्केल, घे, तिच्यात प्रत्येक तारेवर दोनच सूर आहेत, डाऊन-अप, पुढची तार, डाऊन-अप, पुढची तार. कलवलेल्या पिकनं हे वाजवून बघ, पहिल्याच दिवशी काहीतरी सुटल्यासारखं वाटेल.

आता तू ज्या स्केलमधी अडकतोस ते बहुतेक तीन सूर एका तारेवरचं असणार. जी मेजर, सहाव्या म्हंजे सगळ्यात जाड तारेवर ३-५-७ नंबरचे फ्रेट, पाचव्या तारेवर ३-५-७ असं. तीन म्हणजे विषम, डाऊन-अप-डाऊन झालं की तार बदलायची वेळ येते आणि पिक नेमका आत गाडलेला असतो. ह्याला दोन वाटा आहेत. एक म्हणजे दोनच सूर पिकनं मारायचे, ३ डाऊन, ५ अप, आणि ७ हॅमर-ऑन, म्हंजे पिक न मारता डाव्या हाताचं बोट तारेवर आपटून, डावा हात तो सूर वाजवेपर्यंत पिक हवेतनं निवांत पुढच्या तारेवर पोचलेला असतो. उतरताना ७ डाऊन, ५ अप, ३ पुल-ऑफ, म्हंजे बोट तारेवरनं ओढून काढत. दुसरी वाट म्हंजे जाड तारेकडून बारीक तारेकडं जाताना तिसरा डाऊन मारला की थांबायचंच नाही, त्याच ढकलण्यात पिक पुढच्या तारेवर नेऊन तिथला पहिला सूरही डाऊननंच वाजवायचा, ह्याला इकॉनॉमी पिकिंग म्हणतात. प्रत्येक तारेवर डाऊन-अप-डाऊन, डाऊन-अप-डाऊन असं होतं. मला स्वतःला पहिली वाट आवडते कारण तिचा आवाज गोल येतो, पण हे ज्याच्या त्याच्या कानावर आहे.

जॉन मॅकलॉफलिन किंवा अल दि मिओला यांच्यासारखे जॅझ गिटारवाले सगळे सूर पिकनं, एक डाऊन एक अप असंच वाजवतात, त्यांचं मनगट असं वळतं की पिक दोन्ही बाजूंनी बाहेर निघतो. ते शिकता येतं पण ते नंतर. आणि हे कलवणं काही नवं खूळ नाही. जँगो राइनहार्ट नावाचा बेल्जियममधी जन्मलेला गिटारवाला होता, १९२८ साली तो राहायचा त्या गाडीला आग लागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची अधू झाली आणि तरी तो उरलेल्या दोन बोटांवर असं वाजवायचा की आजही लोक थक्क होतात. त्या घराण्यातले वाजवणारे उजव्या हाताचा डाऊन स्ट्रोक असा सोडतात की तो पुढच्या तारेवर जाऊन टेकतो, आणि नव्या तारेवर सुरुवात नेहमी डाऊननं. डाव्या हाताची दोन बोटं अधू असताना स्पीड कुठून येत असेल ह्याचा विचार कर.

सराव कसा करायचा ते आता. तुझी ती पाच-पाच बीपीएमची शिडी महिनाभर बंद ठेव. त्याऐवजी मेट्रोनोम १२० वर लाव, हो, डायरेक्ट १२० वर, आणि दुसऱ्या तारेवर चार सूर मारून पहिल्या तारेच्या पहिल्या सुरावर थांब. पाचच सूर. थांब, श्वास घे, हात सैल सोड, परत पाच सूर. चुकलं तरी चालेल, पण उडी मारायची नाही. दहा मिनिटात ज्या दोन-चार वेळेस ते सुटसुटीत निघेल त्या वेळेस हाताला काय वाटलं ते लक्षात ठेव, आणि मग तीच हालचाल ७० ला उतरवून वाजव. हळू वाजवणं वाईट नाही, हळू वाजवायलाच पाहिजे, पण हळू वाजवलेलं हे फास्ट वाजवलेल्याचंच स्लो मोशन असलं पाहिजे, वेगळीच हालचाल नको.

पैठणला पैठणी विणणारे बघितलेत का कधी? धोटा इकडून तिकडं जातो तेव्हाही धागा टाकतो आणि तिकडून इकडं येतो तेव्हाही धागा टाकतो, परतीची एकही फेरी वाया नाही आणि हात इंचभरसुद्धा जास्त हलत नाही. मी तासभर बघत उभा होतो एकदा, डाऊन-अप म्हणजे काय ते मला खऱ्या अर्थानं तिथं दिसलं.

प्रश्न : सर, मी शाळेत शिक्षिका आहे, वय ३८, दोन वर्षं झाली अकूस्टिक गिटार शिकतेय. इथं दुकानात मिळतात ते पिक एकदम पातळ, वाकतात. क्लासमधल्या एका मुलानं जाड पिक वापर म्हणून सांगितलं पण तो मिळत नाही, ऑनलाइन मागवायचा तर पन्नास प्रकार, काय घेऊ कळत नाही. पिकनं खरंच एवढा फरक पडतो का? (नांदेड)

उत्तर : पडतो ताई, पैशाच्या मानानं सगळ्यात जास्त फरक पिकनंच पडतो. पातळ पिक म्हणजे ०.४६ किंवा ०.६० मिमी, तो कॉर्ड झोडायला छान, सहा तारांवरनं पानासारखा सरकतो. पण एकेक सूर वाजवताना तो आधी वाकतो, मग तार सुटते, मग तो परत सरळ होतो, आणि ह्या सगळ्यात तुमचा पुढचा स्ट्रोक उशिरा पोचतो. तुमचा हात वेळेवर आहे, पिक उशिरा येतोय. त्यामुळं सूर वाजवायला ०.८८ ते १.१४ मिमी घ्या, तिथनं सुरू करा, पुढं दीड मिमीपर्यंत जावंसं वाटलं तर जा. छोट्या आकाराचे, टोकदार, १.३८ मिमीचे पिक येतात, स्पीडवाले लोक ते खूप वापरतात पण ज्यांनी दोन वर्षं मोठाच पिक धरलाय त्यांना तो सुरुवातीला बोटातनं निसटल्यासारखा वाटतो.

आणि मागवलेला येईपर्यंत घरीच करा. मुदत संपलेलं एटीएम कार्ड असेल ना, त्याची जाडी ०.७६ मिमी असते, जगभर कुठल्याही बँकेचं घ्या तेवढीच, कारण मशीनमधी बसायचं म्हणून मापच ठरवून दिलेलं आहे. जुना पिक त्याच्यावर ठेवून पेननं आखा, चिप आणि काळी पट्टी सोडून उरलेल्या भागातनं कात्रीनं कापा, नखं घासायच्या फाईलनं कड गोल करा आणि शेवटी जीन्सच्या कापडावर जोरात घासा, तेव्हा कड गुळगुळीत होते. हे घासणं टाळू नका, खरबरीत कड तारेला धरते आणि सगळा दोष हातावर येतो. दोन तुकडे चिकटवले तर दीड मिमीचा जाड पिक तयार. पीव्हीसी लवकर झिजतं, पंधरा दिवसात टोक जाईल, पण तोवर तुम्हाला कळलेलं असेल की तुमच्या हाताला पातळ पाहिजे का जाड.

आणखी एक. पिक तारेला सपाट लावता का तिरका? सपाट लावला की पूर्ण रुंदी तारेला आपटते. घड्याळाचा काटा थोडा सरकवावा तसा पिक थोडा वळवा म्हंजे त्याची कड पुढं येईल, तार कडेवरनं घसरून सुटते, अडत नाही. आवाज थोडा मऊ होतो, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : दादा, मी लातूरला नीटची तयारी करायलेय, हॉस्टेलला राहते. दिवसाला वीसच मिनिटं मिळतात आणि ती पण रात्री साडेदहाला, रूममेट अभ्यास करत असतात म्हणून आवाज करता येत नाही. असं वाजवून काही फायदा हाय का का दोन वर्षं गिटार बंदच ठेवू? (लातूर)

उत्तर : बंद अजिबात ठेवू नकोस. वीस मिनिटं रोज ही रविवारच्या तीन तासापेक्षा कितीतरी जास्त कामाची आहेत, पिकिंगसाठी तर नक्कीच, कारण हाताला हालचाल झोपेत पक्की होते म्हणतात ते मी माझ्या विद्यार्थ्यांमधी बघितलंय, संध्याकाळी न जमलेलं सकाळी सहज निघतं.

आवाजाचं असं कर, जुना सुती रुमाल चारपदरी घडी करून ब्रिजच्या अगदी जवळ तारांच्या खाली सरकव. तारा घुमणार नाहीत, फक्त टक टक असा बारीक आवाज येईल, शेजारच्या कॉटवरच्या मुलीलाही त्रास नाही. आणि ह्याचा तुला तोटा नाही, उलट फायदा आहे. तार घुमते तेव्हा एका सुराचा आवाज दुसऱ्यात मिसळून चुका झाकल्या जातात. रुमाल लावला की फक्त पिकचा ठोका ऐकू येतो, दोन ठोक्यातलं अंतर कमी-जास्त झालं की लगेच कानाला टोचतं. डाऊन जोरात आणि अप हळू असं होत असेल तर तेही तिथंच कळतं, आणि ते बहुतेकांचं होतं.

वीस मिनिटांची वाटणी करून देत नाही कारण तू आधीच दिवसभर टाइमटेबलमधी असतेस. फक्त एक परीक्षा अधनंमधनं करत जा, डावा हात पूर्ण काढून घे आणि नुसत्या मोकळ्या तारेवर पिक चालव. ते स्वच्छ असेल आणि बोटं ठेवल्यावर घाण होत असेल तर उजव्या हाताला बोलू नकोस, डाव्या हाताचं बोट पिकच्या आधी किंवा नंतर पडायलंय. मग स्पीड सोडून दोन्ही एकाच क्षणी पडतात का एवढंच ऐक. आणि बोट फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागं ठेव, मधी नको, तिथं निम्मा दाब पुरतो.

प्रश्न : मी ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर असतो, रात्री गिटार. दोन महिने झाले फास्ट वाजवायला लागलो की कोपराच्या खालचा भाग दगडासारखा होतो, आणि आठ दिवसांपासून सकाळी उठल्यावर अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर वाटतात. मित्र म्हणतात सवय होईल, वाजवत राहा. तुमचं मत? (बीड)

उत्तर : भाऊ, वाजवत राहू नका. हे सगळ्यात आधी. स्नायू थकणं वेगळं आणि बधिरपणा वेगळा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढ्यांनाच मुंग्या येत असतील तर मनगटातून जी नस जाते तिच्यावर दाब येत असण्याची शक्यता असते, दिवसभराच्या टायपिंगनंही तो येतो आणि रात्रीच्या गिटारनं त्यात भर पडते. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ह्या आठवड्यात दाखवा, आणि त्यांना गिटारचंही सांगा, लोक ते सांगत नाहीत.

मी हे तळमळीनं लिहितोय त्याला कारण आहे. मी पंचवीस-सव्वीसचा असताना लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो, सीझनला एकेका महिन्यात वीस-वीस कार्यक्रम, आणि मला स्पीड कोपरातनं आणायची सवय होती, अख्खा हात ताठ करून थरथरवायचा. ऐकणाऱ्याला वाटतं काय भारी वाजवतोय. एका उन्हाळ्यात हात इतका दुखावला की तीन महिने पिक धरता आला नाही, चहाचा कप डाव्या हातानं उचलायचो. तेव्हा मला कुणी थांब म्हणलं असतं तर बरं झालं असतं, ते वाक्य मी तुम्हाला म्हणतोय.

डॉक्टरांनी परवानगी दिली की परत सुरू करताना बघायच्या गोष्टी. पिकची पकड, दुसऱ्या कुणीतरी पिक धरून ओढला तर थोडा अडून निघून आला पाहिजे, निघतच नसेल तर तुम्ही आवळलाय. अंगठ्याचं नख पांढरं पडतंय का बघा. बसून वाजवतानाही पट्टा लावा म्हणजे गिटार सांभाळायला उजव्या हातानं दाबून धरायची गरज पडत नाही. अकूस्टिक असेल तर तिच्या कडेवर हाताचा खालचा भाग रुततो, तिथं जाड कापड टाका किंवा हात थोडा मागं घ्या. मनगट आत मुडपलेलं नको, हात आणि पंजा जवळजवळ एका रेषेत. दात आवळलेत का, खांदा वर गेलाय का, श्वास थांबलाय का, हेही बघा, स्पीडच्या नादात माणूस श्वास धरून ठेवतो आणि मग सगळं अंग ताठ होतं. पंधरा मिनिटं वाजवून पाच मिनिटं हात खाली सोडून बसा.

ताठ हात फास्ट चालत नाही. डाऊन मारणारे स्नायू आणि अप मारणारे स्नायू वेगळे, दोन्ही एकदम आवळले तर ते एकमेकांशीच भांडत बसतात.

प्रश्न : मी आमच्या भजनी मंडळात पस्तीस वर्षं पखवाज वाजवतो, वय ५७. नातवानं गिटार आणली, त्याच्याकडं बघून मलाही गोडी लागली. पण ते मेट्रोनोमचं टक टक माझ्या जीवाला लागत नाही. ठेक्यावर सराव केला तर चालंल का? आणि गिटारीला बोल असतात का? (पैठण तालुका)

उत्तर : काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. चालंल का विचारताय, तुम्ही तर ह्या पानावरच्या सगळ्यांच्या पुढं आहात, कारण लोकांना जे शिकायला वर्ष लागतं ते तुमच्या अंगात पस्तीस वर्षांपासून आहे.

मोबाईलवर तबल्याचे ॲप मिळतात, नातवाला सांगा, त्यात तीनताल किंवा भजनी ठेका लावा, मिनिटाला ६० मात्रा. आधी बरोबरीनं, एका मात्रेला एक सूर. मग दुगुन, मग तिगुन, मग चौगुन, आणि परत उतरत बरोबरीला या. ६० मात्रांची चौगुन म्हणजे सेकंदाला चार सूर, ८० मात्रांची चौगुन म्हणजे सव्वापाचाच्या थोडं वर. तिगुनला एक गंमत बघाल, पहिल्या मात्रेवर डाऊन आला तर दुसऱ्या मात्रेवर अप येतो, मग परत डाऊन. मात्रेचा जोर अपवर आला की नवीन पोरांचा तोल जातो, तुमचा जाणार नाही. ठेक्यात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, असते म्हणून मला मेट्रोनोमपेक्षा ठेका जास्त आवडतो, टकटकीत सगळे ठोके सारखेच, कुठं यायचंय तेच कळत नाही.

गिटारीला स्वतःचे बोल नाहीत, पण सतारीचे घ्या. सतारवाले नखीच्या एका बाजूच्या आघाताला दा म्हणतात, उलट बाजूच्या आघाताला रा, आणि एका मात्रेत पटकन दोन्ही मारले की दिर. आपण डाऊनला दा म्हणू, अपला रा म्हणू. दा रा दा रा, दा दिर दा रा, असं आधी तोंडानं म्हणा, हातावर मात्रा देत म्हणा, आणि मग पिक धरा. पखवाजाचा बोल तोंडात बसल्याशिवाय हातात येत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार.

एकच गोष्ट नवीन वाटेल. पिकचं टोक तारेत किती बुडवायचं. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावताना बोटभर जास्त झाली की आवाज बसतो आणि कमी पडली की घुमत नाही, तसंच हे. एक-दीड मिमी टोक तारेच्या खाली गेलं पुरे. जास्त बुडवलं की प्रत्येक आघाताला चिखलातनं पाय काढल्यासारखं होतं. आणि गिटार आपली नाही असं मनात आणू नका, १९६० च्या दशकापासून ब्रिजभूषण काबरा गिटार आडवी ठेवून तिच्यावर राग वाजवत होते.

प्रश्न : माझी गिटार उन्हाळ्यात वेगळी वागते आणि पावसाळ्यात वेगळी. एप्रिल-मे मध्ये तारा फ्रेटवर खरखरतात, फ्रेटची टोकं बोटाला बोचतात, जुलै आला की तारा उंच वाटतात आणि पिक जड जातो. गिटार खराब झाली का? (जालना)

उत्तर : खराब नाही झाली, तिला आपली हवा लागलीय. लाकूड ओलावा पितं आणि सोडतं. आपल्याकडं मे महिन्यात हवा इतकी कोरडी की लाकूड आकसतं, अकूस्टिकची पुढची लाकडी फळी खाली बसते, म्हणून तारा खाली येऊन खरखरतात, फ्रेटबोर्ड आकसतो आणि धातूचे फ्रेट तेवढेच राहतात, म्हणून टोकं बाहेर येतात. पावसाळ्यात उलट, लाकूड फुगतं, तारा वर. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते.

उन्हाळ्यात गिटार भिंतीला टांगू नका, केसमधी ठेवा. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीला भोकं पाडा, आत स्पंजचा तुकडा ओला करून घट्ट पिळून ठेवा आणि ती डबी केसमधी, लाकडाला पाणी लागणार नाही अशी. दोन-तीन दिवसांनी परत ओला करा. कूलरच्या समोर तर गिटार ठेवूच नका, रात्रभर ओला वारा आणि दिवसभर लाइट गेल्यावर कोरडी भट्टी, हा झोका लाकडाला सगळ्यात वाईट. बंद गाडीतही नको.

तारा किती उंच आहेत ते मोजायला वरचंच एटीएम कार्ड घ्या. बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर, सहाव्या तारेच्या खाली, कार्डं एकावर एक सरकवा. तीन कार्डं म्हणजे २.२८ मिमी, तार न उचलता तीन जेमतेम बसली तर अकूस्टिकला ठीक आहे. चार आरामात शिरली तर तीन मिमीच्या वर गेलं, मग डाव्या हाताला दाब जास्त, आणि तो ताण उजव्या हातात उतरतोच. तेव्हा जाणकार माणसाकडून सेटअप करून घ्या. गिटारच्या मानेतला (दांड्यातला) रॉड स्वतः पिळणार असाल तर एका वेळी पाव फेरा, त्याच्यावर नाही, आणि एक दिवस थांबून बघायचं.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे, आठ महिने गिटार शिकतेय. तिच्या वयाची मुलं व्हिडिओत केवढं फास्ट वाजवतात, हिचं अजून हळूच आहे. क्लास बदलावा का? किती महिन्यात स्पीड यायला पाहिजे? (परभणी)

उत्तर : भाऊ, महिन्याचा आकडा मी देणार नाही, कारण तुम्ही तो भिंतीवर लावाल आणि तो तिला दिसेल.

क्लास बदलायचा का नाही हे तिच्या स्पीडवरून ठरवू नका. ती वाजवताना तिच्या उजव्या खांद्याकडं बघा, सैल आहे का. तिच्या वाजवण्यात डाऊन आणि अप सारखे ऐकू येतात का, डोळे मिटून ऐका. गिटार तिच्या मापाची आहे का, की मोठी गिटार कवेत मावत नाही म्हणून हात काखेतनं उचलून वाजवतेय, अकरा वर्षाच्या लेकराला तीन-चतुर्थांश मापाची गिटार जास्त बरी पडते. तारा बारीक आहेत का, तिच्या बोटांना ०.०१० इंचाचा (सगळ्यात बारीक तारेची जाडी) सेट पुष्कळ झाला. आणि मास्तर तिला पिक कसा धरायचा, तार कशी सोडायची हे दाखवतात का नुसती गाणी पाठ करून घेतात. ह्यातलं बरचसं ठीक असेल तर क्लास चांगला आहे.

तिला फास्ट वाजवायची हौस असेल तर वरच्या उदगीरच्या पत्राला दिलेला पाच सुरांचा सराव तिच्यासोबत खेळासारखा करा, तुम्ही टाळी द्या, तिनं पाच सूर मारून थांबायचं. रोज पाच मिनिटं. तो व्हिडिओ मात्र तिच्यासमोर लावू नका.